खिशातला कॅमेरा काय करू शकतो आणि काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा कुणी माळ्यावरच्या डब्यातून बाहेर काढलेला असतो, कुणी सहलीच्या तोंडावर नवा घ्यायला निघालेला असतो, आणि दोघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच असतात. उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा बराच उलगडा आपोआप होईल. हा कॅमेरा घडवणाऱ्यासमोर पहिली अट चित्राच्या दर्जाची नसते. बंद केल्यावर लेन्स आत गेली पाहिजे आणि कॅमेरा खिशात सरकला पाहिजे, ही असते. त्याचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष त्या एका अटीपोटी आलेले आहेत.

कॉम्पॅक्ट कॅमेरा नेमके कशाला म्हणायचे?

ज्याची लेन्स काढून दुसरी लावता येत नाही आणि जो वापरात नसताना खिशात राहतो, तो कॉम्पॅक्ट. वजन बहुधा १५० ते ३०० ग्रॅम असते. मोठी मूठ आणि लांबलचक झूम असलेले ‘ब्रिज’ कॅमेरे आतून पुष्कळसे असेच असले, तरी ते गळ्यात अडकवावे लागतात, म्हणून त्यांचा येथे विचार केलेला नाही. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेसारखे अर्ध्या किलोच्या घरातले कॅमेरे सीमेवरचे आहेत. जाड जॅकेट घालणाऱ्यांनी त्यांना कॉम्पॅक्ट म्हणावे, सदरा घालणाऱ्यांनी म्हणू नये.

हातात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला?

बहुतेकांना तो लागत नाही, हे आधी मान्य केलेले बरे. २०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि त्यांतले बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये सर्व प्रकारचे मिळून हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मोबाइलने स्वस्त कॉम्पॅक्टची बाजारपेठ गिळली आणि त्यात अन्याय असा काही झाला नाही, कारण स्वस्त कॉम्पॅक्टपेक्षा चांगला मोबाइल खरोखरच सरस छायाचित्र देतो.

याचे कारण लेन्सपेक्षा गणितात आहे. मोबाइल एका दाबात अनेक छोटी छायाचित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. अशी ९ चित्रे एकत्र केली की त्यांतला रवाळपणा, म्हणजे नॉइज, साधारण एकतृतीयांशावर येतो. लहान सेन्सरची (लेन्समागे प्रकाश टिपणाऱ्या चिपची) उणीव तो हिशेबाने भरून काढतो. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे मात्र आजही एकाच उघडझापेत जे काही हाती लागेल त्यावर भागवतात.

तरीही तीन ठिकाणी कॉम्पॅक्ट पुढे राहतो. पहिले म्हणजे खरा झूम, ज्यात लेन्स प्रत्यक्ष पुढे सरकते. मोबाइलमध्ये लांबच्या लेन्समागचा सेन्सर बहुधा मुख्य सेन्सरपेक्षा लहान असतो आणि दोन लेन्सच्या झूममधले अंतर मोबाइल चित्र कापून भरतो. दुसरे म्हणजे फ्लॅश. कॉम्पॅक्टचा झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन चमकून विझतो आणि हलणारे माणूस जागीच गोठवतो; मोबाइलचा एलईडी हा शेवटी छोटा टॉर्चच आहे. तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते: कॅमेरा लहान मुलाच्या हाती किंवा आजोबांच्या हाती निर्धास्तपणे देता येतो, त्यात बँकेचे ॲप नसते, आणि फोटो काढता काढता कुणाचा फोन येत नाही.

सेन्सर ‘१/२.३ इंच’ म्हणजे प्रत्यक्षात केवढा?

या आकड्याने भल्याभल्यांची फसगत होते, कारण तो सेन्सरच्या कोणत्याच बाजूची लांबी सांगत नाही. टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत त्या काळात नळीचा बाहेरचा व्यास इंचांत सांगायची पद्धत होती, आणि चित्र उमटण्याची जागा त्याहून बरीच लहान असे. नळ्या गेल्या, पण पद्धत राहिली. म्हणूनच ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर मोजला तर १३.२ मिलिमीटर रुंद आणि ८.८ मिलिमीटर उंच भरतो, आणि त्याचा कर्णसुद्धा इंचभर येत नाही.

आता डोळ्यांसमोर आणायचे तर असे. बहुतेक साध्या आणि लांब झूमच्या कॉम्पॅक्टमध्ये असणारा १/२.३ इंची सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. १ इंची सेन्सर करंगळीच्या नखाहून जरा मोठा. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे टपाल तिकिटाच्या आसपासची. क्षेत्रफळात सांगायचे तर डाळीच्या दाण्याचे २८, नखाचे ११६ आणि तिकिटाचे ८६४ चौरस मिलिमीटर. पावसात वाटी आणि परात शेजारी शेजारी ठेवली तर परातीत पाणी जास्त साचते, तसाच प्रकाशाचा व्यवहार आहे. वाटी कितीही सुबक असली तरी तिच्या तोंडाएवढेच पाणी तिला मिळते.

मोठा सेन्सर खिशात बसवायचा झाला की झूम सोडावा लागतो. २०१९ च्या रिको जीआर थ्रीमध्ये लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या तोडीचा, एपीएस-सी आकाराचा सेन्सर असून बॅटरी आणि कार्डासकट त्याचे वजन जेमतेम २५७ ग्रॅम आहे, पण त्याची लेन्स (३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २८ मिलिमीटरची) एकाच दृश्यकोनाची आहे. शिवाय त्यात अंगचा फ्लॅशही नाही. मध्यममार्ग सोनीच्या आरएक्स१०० ने २०१२ मध्ये दाखवला: १ इंची सेन्सर आणि साडेतीन पटींचा झूम, २४० ग्रॅममध्ये. पुढे कॅननच्या जी७ एक्सने २०१४ मध्ये तीच वाट धरली. आजही कुणी ‘एकच सांगा’ म्हटले, तर मी या मधल्या वर्गाकडेच बोट दाखवतो.

मेगापिक्सेल किती असावेत?

तुमच्याकडे आहेत तेवढे पुरतात. (एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके.) ४ बाय ६ इंचांच्या नेहमीच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी २.२ मेगापिक्सेलच्या आत काम होते, ए४ आकाराला ९ मेगापिक्सेल पुरेसे आहेत, आणि लग्नाच्या अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला १९ ते २० लागतात. ‘मोठा केला की फोटो फाटतो’ ही तक्रार खऱ्या अर्थाने मेगापिक्सेलची क्वचितच असते. हललेला हात, चुकलेला फोकस किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली दाबून लहान केलेली प्रत, यांपैकी काहीतरी त्यामागे असते.

कमी उजेडात चेहरे मेणासारखे गुळगुळीत का दिसतात?

सेन्सरवर प्रकाश कमी पडला की कॅमेरा आलेला क्षीण संकेत वाढवतो. आयएसओ वाढवणे म्हणजे हेच. संकेताबरोबर त्यातला रवाळपणाही वाढतो, आणि तो लपवण्यासाठी कॅमेऱ्यातील प्रक्रिया शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून टाकते. ती रवा पुसते, पण सोबत भुवयांचे केस, साडीचा पोत आणि दाढीचे खुंटही पुसून नेते. डाळीच्या दाण्याएवढ्या सेन्सरवर आयएसओ ८०० च्या पुढे हे उघड दिसू लागते, १ इंची सेन्सरवर ३२०० पर्यंत निभावते.

अजिंठ्याचे उदाहरण घेऊ, कारण तेथे कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. चित्रांच्या रक्षणासाठी लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दीही असते. अशा वेळी स्वाभाविक इच्छा होते ती मागे उभे राहून झूम करण्याची, आणि नेमकी तीच चूक ठरते. आरएक्स१०० च्या पहिल्या आवृत्तीत लेन्स रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/१.८ ला उघडते, तर झूम पूर्ण पुढे नेल्यावर एफ/४.९ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). आकड्यांचा वर्ग करून पाहिला तर प्रकाश सातपटींहून अधिक घटतो. रुंद टोकाला १/१५ सेकंदात होणारे काम झूम केल्यावर अर्धा सेकंद मागू लागते, आणि अर्धा सेकंद कॅमेरा हातात स्थिर धरणे कुणाच्याही बसची बात नाही. म्हणून झूम करू नये, रांगेत पुढे सरकावे. भिंतीवरचे चित्र हलत नाही, ही आपली जमेची बाजू असते. लेन्समधील स्थिरीकरण चालू ठेवून, कोपरे अंगाशी धरून, बोटाच्या दाबाने होणारी थरथर टाळण्यासाठी २ सेकंदांचा टायमर लावला, तर १/८ सेकंदाचेही छायाचित्र साफ येऊ शकते. माणसे हलतात, तेथे मात्र हा उपाय लागू पडत नाही.

फ्लॅश मारूनही मागचे सगळे काळे का येते? आणि ते पांढरे गोल कसले?

अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. आरतीच्या वेळी दीड मीटरवर उभी असलेली पहिली रांग पांढरीफटक पडते आणि तीन मीटरवरची मूर्ती अंधारात राहते, ती यामुळेच. कॉम्पॅक्टचा फ्लॅश साधारण तीन-चार मीटरांपर्यंतच कामाचा असतो. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून चमकवलेला फ्लॅश फक्त पुढच्या प्रेक्षकाचे डोके उजळतो आणि कलाकारांचा रोष ओढवून घेतो.

पांढरे गोल म्हणजे हवेतली धूळ किंवा पावसाचे तुषार. फ्लॅश लेन्सपासून चार बोटांच्या आत असल्याने लेन्ससमोर अगदी जवळ तरंगणारा कण लख्ख उजळतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे फुगून दिसतो. काहींना त्यात दिवंगतांचे आत्मे दिसतात. खोली झाडून तासाभराने पुन्हा फोटो काढून पाहावा.

या फ्लॅशचा खरा उपयोग मात्र भर उन्हात आहे, आणि तो फारच थोडे लोक करतात. दुपारच्या उन्हात फेट्याखालचा चेहरा काळवंडतो, डोळ्यांखाली सावल्या पडतात. तेथे फ्लॅश ‘सदैव चालू’वर ठेवून दोन मीटरवरून छायाचित्र घ्यावे. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पडदा-शटरला फ्लॅशशी मेळ घालताना सहसा १/२०० ते १/२५० सेकंदाची मर्यादा असते. कॉम्पॅक्टचे शटर बहुधा लेन्सच्या आत पाकळ्यांसारखे उघडते, त्यामुळे ते १/१००० किंवा त्याहून वेगानेही फ्लॅशबरोबर चालते आणि एवढासा फ्लॅश उन्हाला पुरून उरतो. लहान कॅमेरा मोठ्याला नमवतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

चेहऱ्यामागची पार्श्वभूमी धूसर का होत नाही?

धूसरपणा लेन्सच्या प्रत्यक्ष छिद्राच्या व्यासावर अवलंबून असतो, आणि लहान सेन्सरच्या लेन्सचे छिद्र काही मिलिमीटरांचेच असते. १/२.३ इंची सेन्सरवरचे एफ/२.८ पार्श्वभूमीच्या दृष्टीने ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या एफ/१६ सारखे वागते. थोडेफार साधायचे असेल, तर माणसाला भिंतीपासून दूर उभे करावे, झूम पुढे न्यावा आणि शक्य तितके जवळ जावे.

हाच दोष जवळच्या छायाचित्रणात गुण होतो. कासच्या पठारावर सीतेची आसवे नावाचे जांभळट निळे फूल फुलते, ते नखाएवढे. मोठ्या कॅमेऱ्याने त्याच्याजवळ गेले की एक पाकळी स्पष्ट आणि बाकीचे फूल धुक्यात, अशी गत होते. कॉम्पॅक्ट कॅमेरा मात्र रुंद टोकाला १ ते ५ सेंटिमीटरांपर्यंत जवळ जातो आणि अख्खे फूल, त्यावरचा दवाचा थेंब आणि मागे पसरलेला जांभळा गालिचा एकाच चौकटीत देतो. अडचण एकच येते: इतक्या जवळ लेन्सची सावली फुलावर पडते, तेव्हा ऊन समोरून किंवा बाजूने घ्यावे. आणि वाटेवरूनच हात लांब करावा; एका फोटोसाठी गुडघ्याखाली वीस फुले चिरडणारे लोक तेथे दरवर्षी दिसतात.

४० पट झूम खरा असतो की जाहिरातीतला?

‘ऑप्टिकल’ असे लिहिले असेल तर खरा, ‘डिजिटल’ असेल तर नाही. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे, आणि ते घरी संगणकावरही करता येते. पण खऱ्या झूमलाही एक न दिसणारे कुंपण असते. चंद्राचे उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

कॅननचा २०१८ मधील एसएक्स७४० हा ४० पट झूमचा, ३०० ग्रॅमचा कॅमेरा आहे. त्याची लेन्स ४.३ ते १७२ मिलिमीटरची असून सेन्सर २० मेगापिक्सेलचा, १/२.३ इंची आहे. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. १७२ मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर साधारण १.५६ मिलिमीटरची पडते. एक पिक्सेल १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला तर चंद्र १३०० पिक्सेल रुंद, म्हणजे चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा येतो. येथवर जाहिरात खरीच आहे. पण झूमच्या टोकाला लेन्स एफ/६.९ ची होते आणि प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो, त्यामुळे एखाद्या ताऱ्यासारख्या बिंदूचा सेन्सरवर बिंदू न पडता ९ मायक्रॉनची टिकली पडते. ही टिकली जवळजवळ ८ पिक्सेल रुंद असते. म्हणजे १३०० पिक्सेलच्या चंद्रात खरा तपशील त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकाच असतो. लेन्सचे काच-काम कितीही उत्तम असले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. खिशात मावायचे म्हणून छिद्राचा व्यास २५ मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि त्याचा हिशेब येथे चुकता होतो.

याचा अर्थ चंद्राचे छायाचित्र वाईट येते असा नाही. विवरे आणि काळे डाग छान दिसतात. चंद्राची फक्त पांढरी थाळी येते, असे सांगणाऱ्यांचा कॅमेरा काळ्या आकाशाला भुललेला असतो. उजेड फक्त मध्यावर मोजण्याची सोय चालू करावी, किंवा आयएसओ १०० ला १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवावे. अष्टमीच्या सुमारास सावल्या लांब पडतात आणि विवरे उठून दिसतात, पौर्णिमेला ती सपाट होतात.

पक्ष्यांसाठी हा झूम भिगवणसारख्या ठिकाणी उपयोगी पडतो, पण सकाळी. ऊन चढले की उजनीच्या पाण्यावरची झळ हलू लागते आणि दूरचे रोहित पक्षी वितळल्यासारखे दिसतात. तो दोष कॅमेऱ्याचा नसतो, तीन लाखांच्या लेन्सलाही तेच दिसत असते.

बटण दाबल्यावर फोटो उशिरा का निघतो?

बटण दाबल्यापासूनचा बहुतेक वेळ फोकस शोधण्यात जातो. बटण आधी अर्धे दाबून फोकस बांधून ठेवावा आणि क्षण आला की उरलेले दाबावे. मग विलंब जाणवेनासा होतो. दहीहंडीत गोविंदाचा हात मडक्याला लागेपर्यंत वाट पाहणाऱ्याला फुटलेले मडके आणि खाली येणारे दही मिळते. हंडीवर आधीच अर्धे दाबून थांबलेल्याला तो क्षण मिळतो. जुन्या कॅमेऱ्यांत फ्लॅश पुन्हा भारायलाही काही सेकंद लागतात, तेव्हा अशा वेळी फ्लॅश बंदच ठेवावा.

व्हिडिओ मध्येच बंद पडतो, कॅमेरा बिघडला आहे का?

बहुधा नाही. अनेक कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा मुद्दाम घातलेली आहे, कारण ३० मिनिटे चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा धरून जादा जकात लागत असे. युरोपच्या जकातीपायी आपल्याकडील बारशाचे चित्रण तुटत राहिले. जुन्या कार्डांवरील फाइल-पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होत नाही, हे दुसरे कारण. तिसरे कारण उष्णता. एवढ्या लहान पेटीत ४के चित्रण करताना ताप बाहेर जायला वाट नसते, म्हणून काही मॉडेलांवर एका वेळी ५ किंवा १० मिनिटांचेच बंधन असते. भाषणे आणि गाण्याच्या मैफली यांसाठी हा कॅमेरा नव्हे.

घरात जुना कॅमेरा सापडला आहे. तो वापरावा का? आणि असा जुना विकत घ्यावा का?

सापडला असेल तर जरूर वापरावा. विकत घेण्याआधी मात्र चार गोष्टी पाहाव्यात, कारण सध्या २००५ ते २०१० मधल्या कॅमेऱ्यांना तरुण मंडळींत एकाएकी भाव आला आहे आणि कालपर्यंत भंगारात जाणारी वस्तू हजारोंच्या बोलीत विकली जाते आहे.

त्यात ‘सीसीडी’ या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे रंग वेगळे, फिल्मसारखे असतात, असे ठासून सांगितले जाते. रंग घडतात ते सेन्सरवरील रंगगाळण्या आणि कॅमेऱ्यातील प्रक्रिया यांमुळे. सीसीडी की आजच्या कॅमेऱ्यांतला सीमॉस सेन्सर याचा त्यात वाटा असलाच तर नगण्य आहे. जो ‘जुना लूक’ लोकांना भावतो, तो मुख्यतः समोरून मारलेला फ्लॅश, गडद केलेले रंग आणि करपलेले उजळ भाग यांचा असतो. तो आवडणे यात काहीच गैर नाही, फक्त त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. सीसीडीची स्वतःची खूण वेगळीच आहे: दिव्याकडे किंवा सूर्याकडे रोखल्यावर पडद्यावर वरपासून खालपर्यंत उजळ उभी रेघ उमटते.

पहिली तपासणी कार्डाची करावी. जास्त साठ्याची एसडीएचसी कार्डे २००६ मध्ये आली. त्याआधीचे कॅमेरे बहुधा २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डे वाचतात आणि दुकानातले ६४ जीबीचे कार्ड त्यांना ओळखताच येत नाही. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड, सोनीत मेमरी स्टिक लागत असे; ही कार्डे सोबत मिळत नसतील तर सौदा सोडून द्यावा. दुसरी बॅटरीची. पेन्सिल सेलवर चालणारा जुना कॅमेरा या बाबतीत सुखी असतो, कारण सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तिसरी लेन्सची: कॅमेरा पाच-सहा वेळा चालू-बंद करावा, लेन्स अडखळत असेल किंवा करकरत असेल तर घेऊ नये. चौथी सेन्सरची. २००५ च्या सुमारास अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले एका बनावटीचे सीसीडी उष्ण, दमट हवेत निकामी होत असल्याचे उघडकीस आले होते, त्यामुळे जांभळट, फाटलेले किंवा पूर्ण काळे चित्र दिसल्यास तो सेटिंगचा प्रश्न आहे या विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

कोकणात आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

दोन शत्रू आहेत, वाळू आणि बुरशी. वाळूचा धडा मी पैसे मोजून घेतला आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर कॅमेरा हाफपँटच्या खिशात टाकला होता, त्या खिशात आधीपासून चिमूटभर वाळू होती. संध्याकाळी बटण दाबले तर लेन्स निम्मी बाहेर येऊन ‘कर्र’ असा आवाज करत थांबली, आणि पडद्यावर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करण्याची सूचना आली. पुन्हा चालू केल्यावर तोच आवाज. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये वाळूचा एक कण अडकला, की त्यांचे बारीक दाते घसरतात. दुरुस्तीवाल्याने सांगितलेली रक्कम सेकंडहँड कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होती. तेव्हापासून खिशात कॅमेरा जातो तो झिपच्या पिशवीत घालूनच. लेन्स अडकलीच तर ती दाबू किंवा ओढू नये. तोंड खाली धरून रबरी पंपाने नळ्यांच्या फटीत हवा मारावी आणि मगच चालू करून पाहावी.

बुरशी सावकाश येते. जून ते सप्टेंबर कपाटातल्या बंद डब्यात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात, आणि ते लेन्सच्या आत असले तर पुसता येत नाहीत. चामड्याची पिशवी ओलावा धरून ठेवते, म्हणून कॅमेरा तीत ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि जेलचे रंगीत दाणे रंग बदलू लागले की ते तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घ्यावेत. तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण तांदळाची पूड पुन्हा त्याच नळ्यांत जाते. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून वापरणे हा याहून चांगला इलाज आहे.

पाण्याखाली नेता येईल असा कॉम्पॅक्ट असतो का?

असतो. ऑलिंपसच्या टीजी मालिकेतील टीजी-६ (२०१९) आणि ओएम सिस्टीम नावाने आलेला टीजी-७ (२०२३) १५ मीटर खोलीपर्यंत चालतात. त्यांची लेन्स बाहेर येत नाही, आतल्या आत आडवी दुमडलेली असते, म्हणून त्यांना वाळूचेही भय कमी. मालवण-तारकर्लीला डायव्हिंग करणाऱ्यांना तो पुरेसा आहे, पण तीन गोष्टी पाळाव्या लागतात. झाकणाच्या रबरी कडेवर एक केससुद्धा नाही, हे पाण्यात उतरण्याआधी पाहावे. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवावा. आणि पूर्ण कोरडा झाल्याखेरीज झाकण उघडू नये. पाणी लाल रंग आधी शोषून घेते, म्हणून सगळे निळसर हिरवे दिसते. त्यासाठी कॅमेऱ्यात पाण्याखालचे वेगळे सेटिंग दिलेले असते.

बॅटरी किती चालते?

२०० ते ३०० छायाचित्रे. जादा बॅटरी जवळ ठेवावी, आणि विमानप्रवासात ती सामानाच्या बॅगेत न घालता हातातल्या बॅगेत, टोके झाकून ठेवावी, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्यांना खालच्या सामानात परवानगी नसते. तपासणीच्या क्ष-किरणांनी मेमरी कार्डाला काही होत नाही. ती भीती फिल्मच्या रोलची होती.

फोटोंवर चुकीची तारीख का येते, आणि क्रम का बिघडतो?

कॅमेऱ्याच्या आतले घड्याळ एका छोट्या राखीव बॅटरीवर चालते. मुख्य बॅटरी काढून कॅमेरा काही आठवडे पडून राहिला, की ती राखीव बॅटरीही उतरते आणि घड्याळ कुठल्या तरी १ जानेवारीवर जाते. जुना कॅमेरा हाती घेतल्यावर पहिले काम तारीख लावण्याचे करावे, आणि छायाचित्रावर नारिंगी अक्षरांत तारीख छापण्याची सोय बंद करावी. ती पुसता येत नाही, आणि वेळेची नोंद फाइलमध्ये तशीही होतच असते.

क्रम बिघडतो तो मुख्यतः एकाहून अधिक कॅमेरे असताना. आमच्या घरच्या एका डिसेंबरातल्या लग्नात न्यू जर्सीहून आलेल्या मावशींनी आपल्या कॅमेऱ्याचे घड्याळ बदलले नव्हते. ते साडेदहा तास मागे होते, त्यामुळे सकाळी ११ च्या मुहूर्ताची छायाचित्रे मध्यरात्री साडेबाराची ठरली, आणि सगळे फोटो एकत्र लावल्यावर अक्षता आधी पडल्या व नवरी गौरीहराला नंतर बसली. संगणकावरील बहुतेक छायाचित्र-प्रणालींत निवडलेल्या सर्व फाइलींची वेळ एकदम पुढे-मागे सरकवता येते, पण त्यासाठी नेमका फरक माहीत असावा लागतो. म्हणून कार्याच्या सकाळी प्रत्येकाने आपापल्या कॅमेऱ्याने घरातल्या एकाच भिंतीवरच्या घड्याळाचे एक छायाचित्र काढून ठेवावे. कोणता कॅमेरा किती पुढे आणि किती मागे, हे त्यावरून अगदी मिनिटापर्यंत काढता येते.